सकाळी पावणेसातला बस कुठे असते? परिवहन उपक्रमाला आणि शहरातल्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
व्यवस्थापक, परिवहन उपक्रम,
तसेच शहरातील सर्व मुख्याध्यापक आणि प्राचार्य

महोदय, महोदया,

सिटी बसचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : बस किती आहेत? जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहरविकास योजनेच्या वेळी हाच प्रश्न होता, केंद्राच्याच पीएम ई-बस सेवा योजनेतून सोलापूरला १०० बस मंजूर झाल्यावरही हाच. अकरावीतल्या मुलीला या आकड्याशी काही देणेघेणे नसते. साडेसातचा तास गाठायचा तर पावणेसातला आपल्या थांब्यावर बस येणार का, एवढेच तिला कळायला हवे. सकाळी एक फेरी चुकली की पहिला तास गेला, आणि दोनदा असे झाले की घरचे शेअर रिक्षा लावून देतात. ती मुलगी मग सिटी बसकडे परत येत नाही.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे. विद्यार्थ्यांच्या फेऱ्या शाळा-कॉलेजच्या घंटेपासून उलट्या मोजत लावा. आज वेळापत्रकाची सुरुवात डेपोतून गाडी निघण्याच्या वेळेने होते आणि घंटेशी तिची गाठ पडली तर पडते. नव्या बसच्या ड्यूट्या लागताना हे बदलले नाही तर १०० बस येऊनही पावणेसातचा थांबा रिकामाच राहील.

आधी घंटा कुठे आणि कधी वाजतात ते पाहू. ज्युनिअर कॉलेज आणि सकाळच्या सत्रातल्या शाळा सात ते साडेसातच्या दरम्यान भरतात. बाराच्या आसपास सकाळचे सत्र सुटते आणि दुपारचे भरते, म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी गर्दी. संध्याकाळी पाच ते सव्वासहा तिसरी लाट. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवायचे नाहीत असे ठरले, तेव्हापासून साडेआठला एक चौथी, लहानशी लाट तयार झाली आहे. जुन्या शेड्यूलमध्ये ती असण्याचे कारणच नाही. लहान मुले बहुतेक रिक्षा आणि व्हॅननेच जातात, पण त्याच रिक्षा-व्हॅन साडेआठला शाळांच्या दारात रस्ता अडवतात आणि त्या वेळच्या बसचा धावण्याचा वेळ वाढतो.

ठिकाणांचे म्हणाल तर कॉलेजांचे दोन मोठे पुंजके शहरात आहेत. अशोक चौकाच्या अंगाला वालचंदचे आवार आणि रविवार पेठेत दयानंद, हा एक. सात रस्त्याला संगमेश्वर, हा दुसरा. तिसरा पुंजका शहराच्या टोकाला, पुणे महामार्गावर केगावला. तिथे २००४ पासून विद्यापीठ आहे आणि शेजारी इंजिनिअरिंग कॉलेज. विद्यार्थी राहतात मात्र हद्दवाढ भागात : जुळे सोलापूर, सैफुल, मजरेवाडी, नई जिंदगी, शेळगी, बाळे, देगाव. १९९२ साली हद्द वाढली, घरे तिकडे गेली, कॉलेजे बहुतांशी जागेवरच राहिली. त्यामुळे सकाळचा प्रवाह कडेकडून मध्याकडे आणि केगावचा मध्याकडून कडेला, असे दोन उलटे प्रवाह एकाच वेळी असतात. ही खरे तर देणगीच आहे. बाळ्याहून पोरे घेऊन आलेली बस रिकामी परत न पाठवता केगावची पोरे घेऊन जाऊ शकते. फक्त दोन्ही फेऱ्या एकाच शेड्यूलच्या कागदावर असायला हव्यात.

आता फेरीचे गणित. केगावचेच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, खरे आकडे गाडीत बसून मोजावे लागतील. जायला ४० मिनिटे, यायला ४०, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटे थांबा. एक पूर्ण फेरी ९० मिनिटांची. दर १५ मिनिटांनी बस हवी असेल तर ९० भागिले १५, म्हणजे सहा बस. कागदावर हिशेब जमला. सकाळच्या रहदारीत तीच धाव ४८ मिनिटांची होते, पूर्ण फेरी १०६ ची. मग सहा बसमधून १५ मिनिटांची सेवा निघत नाही, अठराला जाते. तीन मिनिटांनी काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते ते पुढे. साडेसहाला निघालेली बस पहिल्या फेरीअखेर १६ मिनिटे उशिरा असते, दुसरीला ३२, तिसरीला ४८. कागदावर अकराला सुटणारी तिची चौथी फेरी प्रत्यक्षात पावणेबारानंतर निघते. केगावहून पावणेबाराला परत फिरायची ती बस पावणेएकला फिरते, तोवर सुटलेली मुले महामार्गावर उभी. आणि मग कंट्रोलर काय करतो? वेळ भरून काढायला बस अर्ध्यातूनच वळवतो. वळते ती नेहमी टोकाची फेरी, म्हणजे नेमकी विद्यार्थ्यांची.

उपाय साधा आहे आणि फुकटही. दिवसभराला एकच धावण्याचा वेळ लावू नका. सकाळी सहा ते सातचा वेगळा, साडेआठ ते साडेदहाचा वेगळा, दुपारचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. पाच दिवस प्रत्येक मार्गावर माणूस बसवून प्रत्येक मोठ्या थांब्यावरची वेळ टिपा. नव्या गाड्यांत जीपीएस असेल तर माणूसही नको, पंधरा दिवसांच्या नोंदी काढा आणि दहातल्या आठ फेऱ्या ज्या वेळात पूर्ण होतात तो वेळ धरा. सरासरी धरलीत तर निम्म्या फेऱ्या उशिरा धावणारच.

दुपारी बारा वाजता आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पहिल्या पाळीचा ड्रायव्हर-कंडक्टर पहाटे पाचच्या आत-बाहेर हजर होतो, त्याचे आठ तास साडेबारा-एकला भरतात. म्हणजे शाळा सुटण्याच्या गर्दीत बस डेपोकडे ड्यूटी बदलायला निघालेली असते. थांब्यावरच्या मुलांना बोर्डावर 'डेपो' दिसते आणि ती शिव्या घालतात. दोष ड्रायव्हरचा नाही, पाळीच्या आखणीचा आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि तुटक ड्यूटी, म्हणजे मध्ये मोठा खंड ठेवून वाटलेली, दिली तरी तिचे दोनच तुकडे, तेही बारा तासांच्या आत, अशा मर्यादा होत्या. आपल्याकडे मोठ्या लाटा तीन. एका तुटक ड्यूटीत तिन्ही बसत नाहीत, तो नाद सोडलेला बरा. पहिली पाळी पावणेसहाला सुरू करा. साडेनऊला अर्धा तास विश्रांती, पुन्हा दहा ते पावणेदोन. सकाळ आणि दुपार या दोन्ही लाटा एकाच माणसाच्या हातून जातात, या मर्यादाही पाळल्या जातात. दुसरी पाळी पावणेदोनला चढते आणि संध्याकाळ सांभाळते. बदल डेपोत न करता सात रस्ता किंवा पार्क चौकासारख्या जागी थांब्यावरच करा, म्हणजे रिकामे किलोमीटरही वाचतात. पावणेसहाच्या आधीच्या फेऱ्या, रेल्वे स्टेशनच्या वगैरे, वेगळ्या चार-सहा ड्यूट्यांवर टाका.

ई-बसच्या चार्जिंगला लाटांमधली वेळ सोयीची. नऊ ते अकरा आणि दोन ते चार या दोन खिडक्यांत पाळीपाळीने गाड्या चार्जरवर घ्या. रात्री पूर्ण चार्ज केला, दिवसभर पुरेल, हा हिशेब एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात एसी चालू ठेवून करून बघा आणि मगच त्यावर विसंबा. चार वाजता वीस टक्क्यांवर आलेली बस पाचच्या लाटेला येत नाही.

आता थांब्यावरचे दृश्य जवळून. दुपारी सव्वाबारा, कॉलेजचे फाटक, नव्वदेक मुले. नऊ मीटरची बस येते. बसायच्या तीस जागा, त्यातल्या अर्ध्या आधीच भरलेल्या. मुले दारावर तुटून पडतात, पाठीवरची सॅक कुणी उतरवत नाही, त्यामुळे उभा विद्यार्थी दीड माणसाची जागा खातो. मागे जागा मोकळी असते आणि पुढच्या दारात कोंडी. चाळीस जण चढले. कंडक्टरला पुढचा टप्पा येण्याआधी तिकिटे द्यायची असतात. रोख पैसे, सुट्ट्यांची हुज्जत, आता यूपीआयचा आवाज येईपर्यंतची वाट. माणशी दहा सेकंद धरली तरी चाळीस जणांना जवळपास पावणेसात मिनिटे. तिकिटे होईपर्यंत तो डबल बेल देत नाही, बस चौकात उभी. तेवढ्यात मागची बस थांबा न घेता येऊन चिकटते, ती रिकामी. पुढे वीस-पंचवीस मिनिटे काहीच नाही. थांब्यावर राहिलेली पन्नास मुले म्हणतात बस येत नाही, डेपोचा कागद म्हणतो दोन बस गेल्या. दोघेही खरे बोलतात.

पुढच्या वेळी त्या फाटकावरची गर्दी पाहून ड्रायव्हर बस शंभर फूट पुढे नेऊन थांबवतो, किंवा थांबवतच नाही. तो का तसे करतो हे वरच्या परिच्छेदात आले. त्याला नोटीस देऊन हे सुटणार नाही.

सुटते ते असे. सुटण्याच्या घंटेला पंधरा-पंधरा मिनिटांनी एकेक बस नको, एकामागे एक दोन बस हव्यात, त्याही घंटेच्या दहा मिनिटे आधी येऊन उभ्या राहिलेल्या. जत्रेला जादा गाड्या लावतो तशा. एक थेट लांबच्या टोकाची, दुसरी मधले थांबे घेणारी. फाटकापासून थोडे पुढे, वळण संपल्यावर थांबा असावा, लोखंडी कठडा लावून रांग. दोन दारांची बस असेल तर पासवाले मधल्या दाराने, तिकीटवाले पुढच्या. आणि अशा पाच-सहा ठिकाणी फक्त तीन लाटांच्या वेळी एक स्टार्टर, म्हणजे थांब्यावरून गाड्या सोडणारा माणूस, उभा करा, त्याच्या हातात बस पुढे-मागे करण्याचा अधिकार हवा. शिट्टी मारण्यापुरता माणूस नको. केगावला तर बस विद्यापीठाच्या आवारात वळवून आणा. त्यात तीन-चार मिनिटे जातात, ती फेरीच्या वेळात आधीच धरा, पण परतीला मुलांनी महामार्ग ओलांडायचा प्रसंग टळतो.

पासबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मार्ग बंद पडण्याचे मूळ बऱ्याचदा तिथे असते. पासवाला विद्यार्थी चढतो, पास दाखवतो, कंडक्टर मान हलवतो. मशीनमध्ये नोंद शून्य. महिन्याच्या शेवटी त्या फेरीचे प्रति किलोमीटर उत्पन्न काढतात, ते दिसते नगण्य. शेरा पडतो, 'प्रतिसाद नाही'. फेरी बंद. भरून वाहणारी बस कागदावर रिकामी धावत असते! म्हणून प्रत्येक पासवाल्याला शून्य रकमेचे तिकीट निघालेच पाहिजे, किंवा पासवर क्यूआर छापून मशीनने तो टिपला पाहिजे. दोन-तीन सेकंदांचे काम आहे.

शून्य तिकिटाने माणसे मोजली जातात, पैसे मात्र वेगळे दाखवावे लागतात. समजा एका बाजूचे भाडे २० रुपये. महिन्याचे २५ दिवस, दोन वेळा, १,००० रुपये झाले. एसटी विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत देते, त्या दराने पास ३३३ रुपयांचा. उरलेले ६६७ रुपये हा परिवहनचा तोटा नाही, शहराने शिक्षणावर केलेला खर्च आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात 'विद्यार्थी सवलत प्रतिपूर्ती' असे स्वतंत्र लेखाशीर्ष काढा आणि शून्य तिकिटांच्या संख्येवर दरमहा ती रक्कम परिवहनकडे वळती करा. असे केले की तोट्याचा आकडा लहान होईल आणि मार्गाचे खरे चित्र दिसेल. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. कुंभारीहून एसटीने येणारी मुलगी मोफत आणि शेळगीहून सिटी बसने येणारी पैसे भरून, ही विसंगती कुणीतरी महासभेपुढे ठेवायला हवी.

पास काढण्याची रीतही बदला. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, फेऱ्या लांबतात, बोनाफाईड हातात पडायला उशीर होतो. तोवर मुलगा दीड महिना रोख तिकीट काढतो किंवा रिक्षाची सवय लावून घेतो. प्रवेशाची पावती आणि आधार एवढ्यावर एक महिन्याचा तात्पुरता पास द्या, बोनाफाईड नंतर घ्या. पासची मुदत महिन्याच्या एक तारखेपासून न धरता काढल्या दिवसापासून ३० किंवा ९० दिवस धरा, म्हणजे एक तारखेला खिडकीवर रांग लागणार नाही. आणि खिडकीवर मुलांना बोलावूच नका. एसटीने २०२४ च्या जूनपासून शाळेत जाऊन पास वाटायला सुरुवात केली. आपल्याला तर दोन माणसे, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि एक दुचाकी पुरे. कॉलेजने वर्गवार यादी आधी पाठवायची, फोटोसह. एका दिवसात एक कॉलेज उरकते.

इथे प्राचार्य आणि मुख्याध्यापकांकडे वळतो. तुमच्या सहकार्याशिवाय यातले निम्मे होणार नाही. एकाच रस्त्यावरच्या तीन संस्था साडेसातलाच भरत असतील तर तिघांसाठी तीन बस लागतात. एकीने सातला, दुसरीने साडेसातला आणि तिसरीने आठला घंटा दिली, तर तीच बस जवळच्या टप्प्यावर तीन फेऱ्या मारते. अर्ध्या तासाच्या फरकाने कुणाचे वेळापत्रक कोसळत नाही. मे महिन्यात, नव्या वर्षाचे टाइमटेबल पक्के व्हायच्या आत, मार्गावार बसून हे ठरवा. सोबत दोन याद्या द्या : कोणत्या भागातून किती विद्यार्थी येतात, आणि प्रॅक्टिकल व जादा तासांमुळे कोणत्या वारी किती जण किती वाजता सुटतात. सायन्सची मुले बारानंतर थांबतात आणि तीन-चारला सुटतात, त्यांच्यासाठी आज कुणीच फेरी मोजलेली नाही. शनिवारी अर्धा दिवस असेल तर तेही लिहून कळवा. परीक्षेचे केंद्र असेल तर निराळे पत्र द्या. बोर्डाचा पेपर अकराला असतो पण साडेदहाला केंद्रात हजर राहावे लागते, दुपारच्या सत्राला अडीचला. म्हणजे बस दहा वाजता केंद्राच्या दाराशी हवी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती चार्जिंगला जाता कामा नये.

कंत्राटाबद्दल एकच मुद्दा, पण तो सहीआधी बघण्याचा. ई-बस सेवेत ऑपरेटरला धावलेल्या किलोमीटरवर पैसे मिळतात, तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे. गर्दीने त्याचे नुकसान होत नाही हे चांगले, पण थांबा टाळून पुढे गेल्यानेही त्याचे काही जात नाही. फेरी रद्द झाली की दंड, एवढेच कलम असेल तर दुपारी तीनची रिकामी फेरी आणि सकाळी पावणेसातची भरलेली फेरी एकाच तराजूत तोलली जातात. विद्यार्थी फेऱ्यांची यादी करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडा, त्या फेऱ्यांना दंड दुप्पट-तिप्पट ठेवा, आणि 'वेळेआधी सुटणे' हाही गुन्हा धरा. उशिरा आलेली बस निदान मिळते, पाच मिनिटे आधी गेलेली मिळतच नाही. हमी किलोमीटरचेही, म्हणजे बस रोज किमान किती धावेल या करारातल्या आकड्याचेही, भान ठेवा. फक्त लाटांच्या वेळी बस चालवली तर तिचे रोजचे किलोमीटर भरत नाहीत आणि न धावलेल्या अंतराचे पैसे द्यावे लागतात. दहा ते बारा आणि दोन ते पाच चार्जरवर नसलेल्या गाड्या सिव्हिल हॉस्पिटल, मार्केट यार्ड, अक्कलकोट रोड एमआयडीसी या मार्गांवर फिरवा.

गाड्या नादुरुस्त होणारच. शंभरातल्या आठ-दहा कायम दुरुस्तीला उभ्या असतील असे धरूनच चाला. त्या दिवशी कोणती फेरी कापायची याचा क्रम लेखी ठरवून डेपोत लावा. आज तो क्रम अलिखित आहे, आणि ज्या मार्गाचा आवाज कमी त्याची फेरी आधी जाते.

अशा कमी आवाजाच्या मार्गांत सर्वात वर कुंभारी. विडी कामगारांच्या जुन्या घरकुलांशेजारी रे नगर उभे राहिले, ३० हजार घरांची वसाहत, १९ जानेवारी २०२४ ला त्यातली १५ हजार घरे लोकांच्या ताब्यात देण्याचा कार्यक्रम झाला. एवढ्या घरांतून किती मुले अकरावी-बारावीला शहरात येत असतील याचा अंदाज करायला पाहणीची गरज नाही. वसाहत महापालिका हद्दीबाहेर आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्न आहे, एसटीशी बोलावे लागेल. ते बोलणे होईपर्यंत अक्कलकोट रोडवर हद्दीच्या टोकाला तरी सकाळी सहापासून दर वीस मिनिटांनी बस उभी करा. पूर्व भागातल्या कॉलेजांना तो रस्ता सरळ पडतो.

आणि बोर्ड. आपल्या पोरांची घरची भाषा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, काहीही असते. मार्गाचा क्रमांक मोठा, लांबून वाचता येईल असा लावा, गावाचे नाव त्याखाली. थांब्यावरही 'बस थांबा' एवढेच न लिहिता तिथल्या विद्यार्थी फेऱ्यांच्या चार वेळा रंगवा. रंगवलेली वेळ पुसायला लाज वाटते, व्हॉट्सॲपवरची वाटत नाही.

आपले,
शहर वाहतुकीचे वेळापत्रक आणि शाळा-कॉलेजांचे टाइमटेबल दोन्ही जवळून माहीत असलेले काही सोलापूरकर

ता. क. : जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदान, पार्क चौक आणि नंदीध्वजांच्या मार्गावरची वाहतूक वळवावी लागते, त्याच सुमारास बारावीच्या पूर्वपरीक्षा आणि प्रॅक्टिकल असतात. यात्रेचे दिवस दरवर्षी ठरलेले आहेत. त्या दिवसांचे वळण-मार्ग आणि तात्पुरते थांबे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर लागावेत.